बोलणं आणि समजणं

वर्गात कोण कशासाठी ऐकत असतं, ते शिकवणाऱ्याला कळत नाही बघा. नव्वदच्या दशकात मी दुबईच्या एका कॉलेजात नव्या मुलांना मेंदूविज्ञानाची ओळख करून द्यायचे. पहिल्याच तासाला प्लॅस्टिकचा मेंदू हातात धरून मी म्हटलं, "बोलणं इथे आणि समजणं इथे. या पुढच्या भागाला इजा झाली तर माणसाला बोलता येत नाही, पण ऐकलेलं बरंचसं समजतं."

मागच्या बाकावरून नसरीनने हात वर केला. मूळची रत्नागिरीकडची मुलगी. "मिस, आर यू शुअर?"

"हो. का गं?"

ती एकदम मराठीत आली. "माझ्या अब्बांना स्ट्रोक आला. सहा महिने बोलत नाहीत. आम्हाला वाटलं, कळतही नाही. त्यांना गावी नेऊन ठेवायचं का, हे आम्ही त्यांच्यासमोरच ठरवत होतो."

मी म्हटलं, "प्रत्येकाचं वेगळं असतं, डॉक्टरांना विचार. पण आज घरी जाऊन त्यांच्याशी बोल. मान हलवून उत्तर देता येईल, असं काहीतरी विचार."

दोन दिवसांनी ती तासाआधीच आली. "मिस, मी विचारलं, अब्बा, तुम्हाला कळत होतं? त्यांनी हो म्हणून मान हलवली आणि रडायला लागले. मीपण रडले."

"आणि गावी पाठवायचं?"

"ते खलास. त्यांनाच विचारलं, मानेनेच नाही म्हणाले. आता घरात सगळे त्यांच्याशी बोलतात. अम्मी तर काल त्यांच्याशी भांडलीसुद्धा!"