लोखंडी चेनच्या ओरखड्यांबाबत

मी, खाली सही करणारी, वय चव्वेचाळीस, धंदा छोटा लोडर, म्हणजे माती-दगड उचलायचे मशीन, भाड्याने चालवणे, राहणार मालट्रकांच्या तळामागे, आमच्याच वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत, आज दुपारी दिलेल्या चोरीच्या तक्रारीला जोडून, संध्याकाळी पुन्हा ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे :

घरात मी आणि माझे सासरे. ते खाली, वर्कशॉपला लागून असलेल्या खोलीत राहतात. मशीन एकच आहे, माझ्या नावावर आहे, आणि त्यावरच घर चालते. त्याला चाके नसतात, रणगाड्यासारखे पट्टे असतात. लोखंडी चेनही बसते आणि रबरी पट्टाही बसतो. आधी आमच्याकडे लोखंडी चेन होती. ती माझ्या पतीने स्वतः बसवली होती. ते हयात नाहीत.

त्यांच्यानंतर मशीन मी चालवू लागले. मिळू लागली ती कामे बागांची आणि बंगल्यांच्या अंगणांची. लोखंडी चेन फरशी फोडते, डांबर उखडते, आणि दिवसभर तिच्यावर बसले की संध्याकाळी चहाचा कप धरतानाही हात थरथरतो. म्हणून गेल्या वर्षी मी रबर बसवले आणि चेन भंगारात द्यायला आमच्या मेकॅनिकला सांगितले. सासऱ्यांना ते पटले नाही. रबर म्हणजे घरात घालायच्या सपाता, असे ते म्हणाले. त्यावर मी म्हणाले, की मशीन आता मी चालवते, तुम्ही त्याला हात लावू नका. हे मेकॅनिकसमोर झाले.

तेव्हापासून आमचे बोलणे बंद नव्हते, पण ते भिंतीला उद्देशून असायचे. कुणाला मीठ कमी वाटत असेल तर डबा वरच्या फळीवर आहे, असे मी म्हणायचे. जिन्याचा दिवा कुणीतरी दिवसाढवळ्या चालू ठेवलाय, असे ते म्हणायचे.

या आठवड्यात मी एका पाडलेल्या शीतगृहाचा राडारोडा उचलण्याचे काम घेतले. काँक्रीटमधल्या सळया रबर खातात, असे सासरे भिंतीला म्हणाले. मी ऐकू न आल्यासारखे केले. काल पहिल्याच दिवशी एका सळईने डावा पट्टा आडवा फाडला. मशीन भाड्याच्या ट्रेलरवर घालून घरी आणावे लागले. ठेकेदार म्हणाला, "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत मशीन साइटवर दिसलं नाही तर मी दुसरं बोलावतो. मग पुढच्या इमारतीही त्याच्याच." घरी आल्यावर सासऱ्यांनी फाटलेला पट्टा पाहिला, वाकून त्यात बोट घातले. सांगितले होते, असे ते म्हणतील म्हणून मी तिथेच थांबले होते. ते बोट पुसून आत गेले.

आज सकाळी मी नवीन रबरी पट्ट्यासाठी बाजारातल्या दुकानांतून फिरले. आमच्या मापाचा कुठेच नव्हता, मागवावा लागेल असे सगळीकडे सांगितले. दुपारी परत आले तर मशीन जागेवर नव्हते. अंगणातल्या फरशीच्या विटांवर फाटकापर्यंत पांढरे ओरखडे होते, दोन रांगांत, दात्यांचे. असे ओरखडे फक्त लोखंडी चेनचे उठतात. आमच्या मशीनला रबर, तेही फाटलेले. ते स्वतःहून अंगणाबाहेर पडूच शकत नव्हते. आमची जुनी चेन भंगारात गेली, अशी माझी समजूत होती. त्यावरून मी असा हिशेब केला, की कुणीतरी लोखंडी चेनचे दुसरे मशीन आणून आमचे ओढून नेले. त्या क्षणी मला माझी अक्कल फार तल्लख वाटली. मेकॅनिकला फोन केला, त्याने उचलला नाही. मी सरळ ठाण्यात आले आणि लोखंडी चेनचे मशीन शोधा म्हणजे चोर सापडेल, असे लिहून दिले.

मागच्या शेडमध्ये मी डोकावले नव्हते. तिथे दोन्ही रबरी पट्टे गुंडाळून, धुऊन ठेवलेले होते. हे मला नंतर समजले.

ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितल्याप्रमाणे, त्यांना लोखंडी चेनचे मशीन शीतगृहाच्या अलीकडच्या वळणावर मिळाले. एक वृद्ध इसम ते चालवत होता. रस्ता नवीन डांबराचा. तो उखडू नये म्हणून सदर इसम जुने टायर पुढे अंथरायचा, मशीन त्यांवरून न्यायचा, उतरून मागचे टायर उचलायचा आणि पुन्हा पुढे टाकायचा. मागे गाड्यांची रांग लागली होती. एका बसचालकाने विचारले, "आजोबा, आज पोचायचंय की उद्या?" सदर इसम म्हणाला, "तुझ्या बापाच्या रस्त्याला जपतोय, हॉर्न वाजवू नको."

मशीन कुणाचे, असे हवालदारांनी विचारल्यावर त्याने सुनेचे म्हणून सांगितले. सुनेला माहीत आहे का, तर नाही. तिने परवानगी दिली आहे का, यावर तो म्हणाला, "हात लावायचा नाही असं तिनं सांगितलंय. मी लावला. लिहून घ्या." तसे लिहून घेतले गेले.

सदर इसम म्हणजे माझे सासरे. तक्रारीतला चोरही तेच आणि सापडलेले मशीनही माझेच, हे मला ठाण्याच्या दारात कळले. ते बाकावर बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे होते. चेन मेकॅनिकने भंगारात दिली नव्हती. सासऱ्यांनी ती ताडपत्रीखाली ठेवली होती आणि वर्षभर तिला तेल देत होते. आज मी बाजारात असताना दोघांनी मिळून ती चढवली. माझा फोन भीतीने उचलला नाही, असे मेकॅनिक आता सांगतो.

मी समोर जाऊन उभी राहिले. सासरे म्हणाले, "ताण थोडा सैल ठेवलाय बघ. खडी अडकली की चेन आपोआप आवळते, तेव्हा घाबरू नकोस."

हे त्यांनी मला उद्देशून म्हटले. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, असे हवालदारांचे मत पडले. तरी ते जबाबात यावे, अशी माझी विनंती आहे.

परवानगी आधीपासून होती असे सांगा, म्हणजे लवकर मिटेल, असे मला सुचवण्यात आले. पण सासऱ्यांनी खरे सांगितले आहे, त्यांना मी खोटे पाडणार नाही. हात लावू नका असे मी म्हणाले होते. ते शब्द मी आज ठाण्यात, त्यांच्यासमोर मागे घेते. मशीन त्यांनी माझ्याच कामासाठी नेले. माझी कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. दुपारचा कागद रद्द करावा.

राडारोड्याचे काम संपेपर्यंत मशीन लोखंडी चेनवर राहील. दगडमातीत सासरे चालवतील, अंगणांत मी. वळणापासून साइटच्या फाटकापर्यंत डांबरी रस्ता उरला आहे, तिथे ते मशीनवर बसतील आणि टायर मी उचलेन.

जबाब वाचून दाखवला जात असताना सासरे दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या सांगण्यावरून पुढचे वाक्य घातले आहे : "रबराला मी सरसकट नावं ठेवली असं नको. विटांवर ते चांगलंच चालतं. तिची निवड चुकलेली नाही."

वरील मजकूर आम्हा दोघांना ऐकू जाईल असा वाचला गेला, मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून सही करते. अंधार पडायच्या आत मशीन साइटवर न्यायचे आहे, तरी आम्हाला जाऊ द्यावे.