सलीमभाईंनी उघडलेलं तोंड

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐका. गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली, त्या हंगामातली गोष्ट. दुसरबीडच्या आमच्या घरी काचेच्या टाकीत आफ्रिकेचे सिक्लिड मासे होते. त्यातल्या एकुलत्या एका मादीनं खाणं सोडलं आणि तिचा जबडा फुगला. आता ही जाते, म्हणून मी हवालदिल.

शेजारचे सलीमभाई शेतातून आले. त्या साली चांगल्या दिसणाऱ्या बोंडातही अळी निघायची, म्हणून ते दिसेल ते बोंड फोडत. टाकीत वाकून म्हणाले, "बाहेरून काय समजते बे? उघडून पाहा लागते!"

मी "भाई, नका!" म्हणेपर्यंत त्यांनी मासोळी मुठीत धरून अंगठ्यानं तोंड उघडलंसुद्धा.

आतून इवली इवली पिल्लं वळवळत टाकीत पडली.

"या अल्ला! पोरं खाल्ली बे हिनं!" सलीमभाई ओरडले.

घाबरून त्यांनी तिला पाण्यात सोडलं. तिनं तोंड उघडलं, आणि सारी पिल्लं पळत पुन्हा आत शिरली! बाई उपाशी राहून तोंडात पोरं सांभाळत होती.

सलीमभाईंनी टाकीपुढं कान धरले. "माफ करजो माय. मी बोंड समजलो."