पणजोबांच्या रिव्हॉल्वरची जोडी

"हॅलो? … हां, नदिन, बोल. … कुठून बोलतेस? … मर्लच्या वेल्डिंगच्या दुकानातून? तिथे काय काम काढलंस सकाळी सकाळी? … कसली पेटी? … आपली पेटी?"

बहिणीचं बोलणं ऐकून हार्लनने ब्रेक दाबला. पिकअप बर्फात घसरत कुंपणाच्या खांबापाशी थांबली. मागे गुरांसाठी घेतलेल्या गवताच्या गासड्या हिंदकळल्या.

"रिव्हॉल्वर कापायला? … वेड लागलंय का तुला? … नाही, आधी ऐक. अगं ऐक ना! पणजोबांनी टेक्सासहून मॉन्टानापर्यंत घोड्यावर आणलेली जोडी ती. आजोबांनी बाबांना दिली, बाबांनी मला. मला पोर ना बाळ, म्हणून रविवारी तुझ्या ब्राइसला वाढदिवसाला दिली. डेन्व्हरचा तो संग्राहक तीनदा आला, तीनदा नुसती कॉफी पाजून परत पाठवला मी त्याला! … मर्लला दे फोन. … दे म्हणतो ना! … मर्ल, आधी तो गॅस बंद कर. … दुकान तुझं रे, कबूल, पण ती वस्तू तुझी नाही. … बरं, दे तिला. … नदिन, हात जोडतो तुला. तुला नको तर परत दे मला, पण… काय? … लाइलकाकांचं काय मध्येच? काका रिव्हॉल्वर साफ करत होते आणि गोळी सुटली… … तुला कोणी सांगितलं? … आईने?"

काका गेले तेव्हा हार्लन चौदा वर्षांचा होता. तबेल्याचं दार त्यानेच उघडलं होतं. आत काका पडले होते, जवळ ना तेल होतं ना पुसायचं फडकं. त्या संध्याकाळी बाबांनी त्याला बजावलं, "अपघात झाला." रिव्हॉल्वर पुसून बाबांनी परत मखमलीत ठेवली. पुढची पन्नास वर्षं हार्लनही अपघातच म्हणत आला.

"हो. … माहीत होतं मला. पण आज त्याचं काय? … ब्राइस? … कधी, आज पहाटे? … एकटाच बसला होता, रिव्हॉल्वर घेऊन? … गोळी होती आत?"

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच मांडीवर ठेवली.

"मी दिली गं त्याला. केक कापल्यावर, सगळ्यांसमोर. तो रडला… मला वाटलं, आनंदाने रडतोय. … नको, तू नको रडूस. मर्लला सांग, काप. दोन्ही काप. … हो, हस्तिदंताच्या मुठीसकट. … नदिन, पोरगा आत्ता कुठे आहे? … घरी? सोबत कोण? … त्याचा बाप रॉय गुरांच्या बाजाराला गेला, मग सोबत कोण? … झोपला म्हणून काय एकटा सोडून आलीस! … आणि रॉयची रायफल? … किल्ली कपाटालाच?"

हार्लनने गाडी जागच्या जागी वळवली. दोन गासड्या रस्त्यावर पडल्या. त्याने मागे पाहिलंही नाही.

"चार मैल. चारच मैल आहेत. … फोन ठेवू नकोस. … नाही, तू हळू चालव, बर्फ आहे. … बोलत राहा गं काहीतरी! … पूल ओलांडला. … तुमचं फाटक दिसलं. … पोचलो. … दार आतून लावलंय. ब्राइस! अरे, मामा आहे! … थांब नदिन, ऐकू दे जरा. … काही नाही ऐकू येत. … ब्राइस! उघड रे बाळा! …

"आहे गं. आहे! उघडलं दार. … अनवाणी उभा आहे. … हात रिकामे आहेत. रिकामे, शपथेवर सांगतो. … ये रे, ये इकडे. … नाही, कोणी रागावलं नाही तुझ्यावर. … बूट घाल, डॉक्टरांकडे जाऊ. मी आत येतो तुझ्याबरोबर, शेजारी बसतो. मी पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही, तू तसं करू नकोस. … नदिन, तू सरळ दवाखान्यात ये. … कपाट? लावलं, किल्ली माझ्या खिशात. … हो, त्याला फोन देतो, पण नंतर. आत्ता नाही बोलता येत त्याला. … ठेवतो गं. याला धरायला मला दोन्ही हात हवेत."