कुशीला ऊब कुणाची

(भर दुपार. खाली शिवणाचं दुकान, वर घर.)

नवरा: पट्टा तर धडधाकट आहे गं. चाकही फिरतंय. फोनवर म्हणालीस, मशीन बंद पडलं.

बायको: मशीनला काय धाड भरलीय! तुला कामावरून उठवायला काहीतरी निमित्त हवं होतं. शटर अर्धं खाली ओढ आणि त्या स्टुलावर बस.

नवरा: एक लिफ्ट चौथ्या मजल्यावर उघडी टाकून आलोय मी. माणसं जिने चढतायत.

बायको: चढू देत, पाय मोकळे होतील. तू बूट काढ.

नवरा: काय काढू?

बायको: बूट. मोजेसुद्धा. आणि तळवा इकडे कर.

नवरा: डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? डोळे लाल दिसतायत, रात्री झोप झाली नाही म्हणून दिवसा असं...

बायको: झोपेचं नंतर काढू. तळवा. हं. बघ, बोटांच्या खाचेत अजून आहे. निळा.

नवरा: ग्रीस लागलं असेल कुठं.

बायको: ग्रीस काळं असतं, राजा. हा माझा खडू आहे. काल दिवा मालवल्यावर तीन खडू किसले मी. न्हाणीघरापाशी गुलाबी, स्वयंपाकघरापाशी पिवळा, आणि रस्त्याकडच्या दाराच्या आत निळा. जन्मभर परक्यांच्या कपड्यांवर खुणा केल्या, म्हटलं एक खूण घरच्या माणसावर करून बघू.

नवरा: पाळत ठेवतेस माझ्यावर?

बायको: चोर तो चोर, वर शिरजोर! कुठं जातोस?

नवरा: सकाळी दूध आणायला खाली गेलो होतो.

बायको: सकाळी तू बूट घालून गेलास. अनवाणी त्या दारापाशी जातो तो चपला हातात घेऊन जिना उतरणारा माणूस. कुठं जातोस विचारलं मी.

नवरा: कुठं नाही. जरा हवेला.

बायको: चार-चार तास हवा खातोस? पोट नाही फुगत?

नवरा: चार तास कुणी सांगितलं?

बायको: धोंडूनं.

नवरा: कुत्रा बोलायला लागला का आता?

बायको: त्याला बोलावं लागत नाही. पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. रात्री एकला कूस बदलली, हात टाकला. ऊब होती. म्हटलं, माझाच आहे. गळ्यात हात घातला तर कान लागला हाताला. एवढा मोठा, लोंबता. तुझ्या पांघरुणात, तुझ्या उशीवर डोकं ठेवून घोरत होता मेला. आणि तोंडाखाली तुझा बनियन, लाळेनं भिजलेला. बनियन त्यानं स्वतः घडी करून घेतला नव्हता ना?

नवरा: बनियन नसला की तो मला शोधत येतो. दार खरवडतो. मग ती तुझी मांजर, ठाणेदारीण, जागी होते, कपाटावरून तुझ्या छातीवर उडी मारते, मग तू जागी.

बायको: म्हणजे मी जागी होऊ नये याचा एवढा बंदोबस्त! कुत्र्याला नवरा करून ठेवलास माझ्या शेजारी. आता वासाचं सांग.

नवरा: कसला वास?

बायको: तुझ्या शर्टाला पहाटे पावाचा वास येतो. ताज्या, गरम पावाचा. आपल्या गल्लीत रात्री दोनला दिवा कुणाचा असतो, मला सांगायला नको. भट्टी पेटवते ती. आणि काय काय पेटवते, देव जाणे.

नवरा: बेकरीवालीबद्दल बोलतेस? साठीची आहे ती!

बायको: साठीच्या बाईला पाव भाजता येतो, बाकी काही येत नाही होय? परवा मी पाव आणायला गेले तर माझ्याकडे बघून म्हणाली, "घरी सगळं बरं आहे ना, पोरी?" पोरी! तिनं माझी कीव केली. पदराला पाव बांधून मी अख्खी गल्ली खाली मान घालून चालत आले. सांग आता. तिच्याकडे जातोस की नाही?

नवरा: तिच्या भिंतीकडे जातो.

बायको: काय?

नवरा: भट्टीच्या मागची भिंत. रात्रभर गरम असते. मी माझी हत्यारांची गाडी तिथं लावतो आणि मागच्या बाजूला, वायरींच्या भेंडोळ्यांत, ताडपत्रीवर झोपतो.

बायको: खोटं.

नवरा: गाडीत जाऊन बघ. घोंगडी आहे, गजराचं घड्याळ आहे. पावणेपाचला उठतो, तुझा डोळा उघडायच्या आत धोंडूला सरकवून आत शिरतो.

बायको: गाडीत? घरात पलंग असताना गाडीत?

नवरा: पलंग आहे, जागा कुठाय? धोंडू आडवा, तू तिरपी, मी काठावर. तीनला ठाणेदारीण गस्तीवर निघते, ती माझ्या तोंडावरून जाते. तुला खाकरायचं असलं तरी मला आधी कळतं.

बायको: अंथरूण घातलं दोघांनी, राज्य केलं तिघांनी. हसतोस काय? मी हसवायला नाही बोलले. हे सगळं मला सांगता येत नव्हतं?

नवरा: नव्हतं येत.

बायको: का?

नवरा: लग्नाच्या आधी तू काय म्हणाली होतीस? या दुकानातच, याच टेबलापाशी.

बायको: खूप काय काय म्हणाले असेन.

नवरा: म्हणालीस, "माझ्या आईबापांनी आधी उशा वेगळ्या केल्या, मग खोल्या, मग गावं. आपलं भांडण कितीही होऊ दे, अंथरूण एक." माझ्याकडून वचन घेतलंस. अकरा वर्षं पाळलं. मग गेल्या महिन्यात मी लिफ्टच्या डोक्यावर बसलो होतो, सातव्या मजल्यावर, खाली तळापर्यंत लिफ्टची सगळी विहीर मोकळी. आणि डोळा लागला.

बायको: कधी? कुठल्या इमारतीत?

नवरा: पाना हातातून सुटला. खाली पोचून वाजला तेव्हा मी जागा झालो. किती वेळ लागला वाजायला, ते अजून कानात आहे.

बायको: आणि हे तू मला आज सांगतोस. बूट काढून घेतल्यावर.

नवरा: तुझं वचन मोडू की मान मोडू, असं झालं होतं.

बायको: बेकरीवालीला सांगितलंस.

नवरा: सांगितलं नाही. गाडीची काच वाजवली तिनं एकदा, चोर समजून. मग सांगावं लागलं.

बायको: म्हणजे तिला ठाऊक. भिंतीला ठाऊक. कुत्र्याला ठाऊक. ज्या बाईला हात लावून झोपायचं, तेवढी एक सोडून. तू तिच्याकडे गेला असतास तर भांडून मोकळी झाले असते रे. आता याचं काय करू?

नवरा: चुकलं माझं.

बायको: चुकलंच.

नवरा: पण एक विचारू? रागावू नकोस.

बायको: रागावलेलीच आहे, विचार.

नवरा: पंधरा दिवसांपूर्वी कळलं म्हणालीस. मग त्याच रात्री दारात का नाही उभी राहिलीस? तू तर काजाला एक टाका कमी पडला तरी गिऱ्हाइकाला परत बोलावणारी. पंधरा दिवस गप्प?

बायको: पुरावा गोळा करत होते.

नवरा: पंधरा दिवस?

बायको: तो कोट बघ. त्या खुंटीवरचा.

नवरा: विषय बदलू नकोस.

बायको: बघ म्हणते ना. दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात. आज सकाळी. माझ्या हातून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. का? कारण काल रात्री तुला पकडायचं म्हणून जागी राहिले.

नवरा: म्हणजे एरवी...

बायको: एरवी तू जिना उतरलास की मला झोप लागते.

नवरा: काय म्हणालीस?

बायको: दाराची कडी वाजते, मी मनात म्हणते, आता उठायचं, आता याच्या मागं जायचं. आणि तेवढ्यात झोप अशी येते, जशी लहानपणी यायची. धोंडू घोरतो, पण त्याचं घोरणं एका लयीत असतं. तुझं तसं नाही. तू मध्येच थांबतोस. मग मी श्वास धरून पडते, परत सुरू कधी होतो म्हणून. तुझे पाय बर्फाचे. उशी ओढतोस. तू गेलास की मी सकाळपर्यंत पालथी पडते.

नवरा: म्हणजे मी नकोय तुला.

बायको: हेच! हेच मला माझ्याबद्दल वाटलं. नवरा रात्री परक्या दाराला जातो आणि ही बाई पाय ताणून झोपते, म्हणजे हिच्या मनात काही उरलंच नाही. तुझ्यावर संशय होता तो एक पट. माझ्यावरचा दुप्पट. म्हणून गप्प होते. तुला पकडलं असतं तर मीही पकडली गेले असते.

नवरा: उरलंय का?

बायको: बावळट आहेस. खडू कुणी किसला मग?

नवरा: आता मोजे घालू?

बायको: घाल. थंडी वाजत नाही गाडीत?

नवरा: पाठ गरम असते. पोट गारठतं. दोन-अडीचला कूस बदलावी लागते.

बायको: वरची मागची खोली आहे ना, लोकांनी शिवून घेतलेले आणि न नेलेले कपडे ठेवलेत ती. दहा वर्षांत कुणी आलं नाही, आता काय येणार. रविवारी रिकामी करू. तिथं पलंग मावेल.

नवरा: आणि उशा, खोल्या, गावं?

बायको: माझ्या आईबापांनी दार लावून घेतलं होतं. शिवाय ते चांगले झोपायचे, तरी भांडायचे. आपण निदान झोप झाल्यावर भांडून बघू.

नवरा: धोंडू कुणाकडे?

बायको: तो ठरवेल. ठाणेदारीण दोन्हीकडे फिरेल, तिला कोण विचारतंय. अंग टाकायचं मात्र दोघांनी एकाच पलंगावर. बोलायचं, दिवसभराचं सांगायचं, पडलेल्या पान्याचंसुद्धा. मग उठून जायचं असेल तर जा. पण चपला हातात घेऊन नाही. मला सांगून जा.

नवरा: झोपलेली असलीस तरी?

बायको: झोपलेली असले तरी. खांद्याला हात लाव आणि सांग, जातोय म्हणून.

नवरा: आणि पहाटे परत आलो की?

बायको: तेव्हा नको उठवूस.