डिकीतली जागा

नवरा : नको म्हटलं ना. गाडीच्या स्टिरिओच्या आत जो अॅम्प्लिफायर असतो, तेवढा पुरे झाला.

बायको : दादा, तुम्ही ह्याचं ऐकू नका. लग्न झाल्यापासून माझ्या कानाशी एकच भुणभुण : वेगळा अॅम्प्लिफायर, डिकीत मोठा बॉक्स, ठोका पडला की छातीत जाणवला पाहिजे. आज वाढदिवसाची भेट म्हणून मी स्वतः ओढून आणलं, तर ह्याचा नन्नाचा पाढा!

कारागीर : ताई, मला काय, म्हणाल ते बसवतो. तुमचं आधी ठरू द्या, मी तोवर चहा घेतो.

नवरा : चहा नंतर घ्या. आतला वाईट असतो का, तेवढं सांगा हिला.

कारागीर : वाईट नाही, साहेब. पण त्याचा जीव तो केवढा! हळू लावलात तर गोड वाजतो. हायवेला काचा खाली करून आवाज चढवलात की फाटायला लागतो. बाहेरच्याला थेट बॅटरीवरून वायर येते. तो दमत नाही.

बायको : ऐकलंस? माझ्या ऑफिसातले साहेब जेवायला आले होते, तेव्हा हेच तू त्यांना समजावत बसला होतास. बिचाऱ्यांचं ताट गार झालं.

नवरा : तेव्हा अक्कल नव्हती मला.

बायको : गेल्या महिन्यातली गोष्ट आहे ती.

कारागीर : साहेब, जागेची अडचण असेल तर बॉक्स राहू द्या. छोटा अॅम्प्लिफायर पुढच्या सीटखाली मावतो. डिकी मोकळीच्या मोकळी.

नवरा : सीटखाली तर मुळीच नको. ती सीट पार मागे सरकली पाहिजे. पाय लांब करून बसता यायला हवं.

बायको : कोणाला? माझे पाय कधी एवढे लांब झाले?

नवरा : तुझे म्हणालो का मी?

बायको : थांब, थांब. परवा टेप घेऊन डिकी मोजत होतास. मला वाटलं, बॉक्ससाठी मोजतोयस, म्हणून तर इथे आणलं. काय ठेवायचंय त्या डिकीत?

नवरा : घरी गेल्यावर सांगतो.

बायको : इथेच सांग.

नवरा : अगं, चाकांची खुर्ची.

बायको : कोणाची?

नवरा : तुझ्या आईची. घडी घातली की बरोब्बर बसते. बॉक्स असला तर नाही बसत.

बायको : आई कुठे येतेय? ती घसरून कंबर मोडून बसली, तेव्हापासून मी तिच्या विनवण्या करतेय. 'जावयाच्या घरी ओझं होऊन येणार नाही.' दुसरं बोलणं नाही. फोन वाजला तरी धस्स होतं मला.

नवरा : येतायत त्या. शनिवारी आणायचंय.

बायको : काय?

नवरा : रविवारी टायर बदलायला गेलो होतो ना मी?

बायको : टायर तर जुनेच आहेत.

नवरा : तेच सांगतोय.

बायको : आणि ती हो म्हणाली? पोटच्या पोरीला नाही म्हणणारी माझी आई तुला हो म्हणाली? काय सांगितलंस तिला?

नवरा : ओझ्याबिझ्याचा विषयच काढला नाही. म्हटलं, तुमची लेक गाडीत बसली की लगेच घोरायला लागते. मी एकटा रस्ते चुकत बसतो. शेजारी एखादं जागं माणूस हवंय.

बायको : मी घोरत नाही.

नवरा : त्या म्हणाल्या, लहानपणापासून घोरते.

कारागीर : ताई, पाणी देऊ का?

बायको : नको. काहीतरी गेलंय डोळ्यांत. धूळ किती आहे हो तुमच्या दुकानात!

कारागीर : आहे खरी. आज झाडायचंच राहिलं.

नवरा : शनिवारी एकदम दारात आणून तुला चकित करणार होतो. तू मध्येच ह्या दुकानात ओढून आणलंस.

बायको : मग तुझा तो छातीतला ठोका?

नवरा : राहिला. आणि तुझ्या आईच्या बोलण्यापुढे कुठला अॅम्प्लिफायर टिकणार आहे? पण ऐक, त्यांनी एक अट घातलीय.

बायको : घातलीच असणार. काय म्हणते?

नवरा : पुढच्या सीटवर त्या बसणार. कायमच्या.

बायको : दादा, ह्याचंच खरं. आतलाच अॅम्प्लिफायर राहू द्या. फक्त स्पीकर चांगले घाला. मागच्या दारांमधले तर दुकानातले सगळ्यात चांगले.

कारागीर : मागचे? लोक पुढचे भारी मागतात, ताई. मागे कोण बसतं?

बायको : मी.