दिवसाला दोन पेले

दवाखान्याच्या बाकावर कमलम्मा पाण्याचा तांब्या मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी केम गावाहून आलेलं म्हातारं जोडपं होतं. समोरच्या भिंतीवर मूत्रपिंडांचं रंगीत चित्र.

"ते घेवड्याच्या बियांगत दोन हायेत, तेच काय?" म्हाताऱ्यानं चित्राकडं बोट दाखवत बायकोला विचारलं.

"व्हय. ते रगात गाळून नको ते पानी खाली पिशवीत सोडत्यात. तुमचं गाळायचं थकलंया, म्हून पाय सुजत्यात."

"मग घोटभर तरी दे की."

"दिसाला दोनच पेलं सांगितल्यात. दोनी झालं."

"आपल्या हिरीचं पानी लई गार बघ. मोटंचं पानी थारोळ्यात पडलं की तितंच तोंड घालायचो."

"नगा त्याची याद काढू."

"गोजरे, तुझं व्हट का गं सुकल्यात? तू किती प्यालीस?"

"तुमच्याइतकंच."

"कवाधरनं?"

"अखितीच्या सणाला तुमचं पानी तोडलं तवापासनं. लगीन झाल्यापासनं तुमच्या आदी घास तरी घेतलाय का मी?"

कमलम्मानं आपला तांब्या गोजरबाईपुढं सरकवला. तिनं मान हलवून नको म्हटलं. म्हाताऱ्यानंच तो उचलला, क्षणभर दोन्ही हातांत धरला आणि बायकोच्या ओठांशी नेला.

"पी. सावकाश पी. गळ्यातनं उतरताना बघू दे मला."