रावसाहेबांच्या गाडीतल्या घोंगड्या

लोणावळ्याला प्रवासी सर्व्हिस मोटारीची वाट बघत होतो. शेजारच्या छपराखाली एक रावसाहेब आपल्या जुन्या रेसच्या मोटारीपाशी उभे राहून भिमाजी मिस्त्रीला झापत होते.

“गाडीच्या फळ्यांखाली चार घोंगड्या दाबल्यात, रावसाहेब. अजून आत आवाज येतुया?”

“गाडीचा आता नाही येत. लोकांचा येतो!”

“कुटल्या लोकांचा?”

“वलवण गावच्या. मी दिसलो की हात वर करून ओरडतात. इतकी वर्षं गाडीच्या आवाजात शब्द ऐकूच यायचे नाहीत; मला वाटायचं, रामराम घालतात. मीही हात हलवायचो.”

“मंग काय वरडत्यात?”

“‘धोंडाबाई, कोंबड्या आत घे, आंधळा आला!’”

“मंग आता गाडी जरा दमानं हाकाल न्हवं?”

“मी? तू आधी त्या घोंगड्या काढ!”